लिंकिन पार्कचा 'फ्रॉम झिरो' : ऐकलात का? काय वाटलं?

खडखडाट । १५ नोव्हेंबर २०२४, ११:४०

आज सुट्टी. खाली प्रचाराच्या रिक्षा दर दहा मिनिटांनी ठणाणा करत फिरतायत, म्हणून सकाळीच हेडफोन चढवले आणि लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचा हा नवा अल्बम लागोपाठ तीनदा ऐकला. तीनदा ऐकणं म्हणजे काही पराक्रम नव्हे. अकरा ट्रॅक, त्यातला पहिला धड अर्ध्या मिनिटाचाही नाही, आणि सगळं मिळून बत्तीस मिनिटांत गाशा गुंडाळलेला. सात वर्षं वाट पाहायला लावून बत्तीस मिनिटं! आमच्याकडे कुकर लावून वरण-भात व्हायच्या आत संपतो.

पण आवडला. खरंच आवडला. गणपतीच्या आदल्या दिवशी पहाटे उठून तो पहिला लाइव्ह कार्यक्रम पाहिला होता, तेव्हापासून जरा धाकधूक होती. दिवंगत गायक चेस्टर बेनिंग्टनच्या जागी एमिली आर्मस्ट्राँग, ड्रम्सवर रॉब बोर्डनच्या जागी कॉलिन ब्रिटन, गिटारवाला ब्रॅड बँडमध्ये आहे पण दौऱ्यावर येणार नाही. म्हटलं, हे नेमकं कोणाचं लग्न आणि आपण कोणाकडून?

'द एम्प्टिनेस मशीन' मध्ये बँडचा दुसरा गायक माईक शिनोडा याने जी युक्ती केलीय ती मला फार भावली. पहिलं कडवं तो स्वतःच गातो, ध्रुवपद तोच गातो. म्हणजे ओळखीचा आवाज आधी. तुम्ही सावरून बसता आणि मग दुसऱ्या कडव्याला ती येते. पाहुण्याला दारातून एकदम माजघरात नाही नेलेलं, आधी ओसरीवर बसवलंय.

माझी क्रमवारी : 'टू फेस्ड', 'द एम्प्टिनेस मशीन', 'गुड थिंग्ज गो', 'कॅज्युअल्टी'. तुमचं काय? सविस्तर लिहा. 'मस्त' आणि 'बकवास' एवढंच लिहायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅप आहे.

कट्टेकरी । १५ नोव्हेंबर २०२४, ११:५२

मस्त.

(हलके घ्या.)

बेसुर । १५ नोव्हेंबर २०२४, १२:३०

गाणी वाईट नाहीत हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर अंगावर याल. माझा आक्षेप नावाला आहे. माईकने याआधी 'फोर्ट मायनर' नावाने अल्बम केलाय, २०१८ मध्ये स्वतःच्या नावाने 'पोस्ट ट्रॉमॅटिक' केलाय. नावं सुचत नाहीत अशातला भाग नाही. हाच अल्बम वेगळ्या नावाने आला असता तर मीच इथे येऊन तोंडभर कौतुक केलं असतं. 'लिंकिन पार्क' लिहिलं की माझ्या डोक्यात एक विशिष्ट आवाज सुरू होतो, आणि तो या अल्बमवर नाही. दुकानाची पाटी तीच, मिसळ वेगळी.

आणि हो, चौथ्या, 'हेवी इज द क्राउन' गाण्यातली ती लांबलचक किंचाळी. जुन्या 'गिव्हन अप' गाण्यात चेस्टरने सतरा सेकंद ताणलेली होती. तिथेच बोट ठेवायचं काही कारण होतं का? स्वतःहून तुलना ओढवून घ्यायची आणि मग म्हणायचं की तुलना करू नका.

निळीशाई । १५ नोव्हेंबर २०२४, १३:१५

बेसुर, ती किंचाळी पुन्हा ऐका. नक्कल नाहीये ती. चेस्टर किंचाळायचा तेव्हा आत काहीतरी फाटतंय असं वाटायचं. ही किंचाळते तेव्हा समोरच्याचं काहीतरी फाडणार असं वाटतं. तो दुखत होता, ही चिडलीये. मला तरी दोन्ही वेगळे ऐकू येतात.

माझं आवडतं 'ओव्हर ईच अदर'. त्यात माईक जवळजवळ गप्पच आहे, ती एकटी गाते. भांडणात दोघंही एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात, कोणीच कोणाचं ऐकत नाही, एवढाच विषय. लग्नाला बारा वर्षं झालेल्या कोणालाही शब्द समजावून सांगावे लागणार नाहीत.

क्रमवारीत 'कॅज्युअल्टी' इतकं वर कसं काय? मला ते दोन मिनिटांचं भांडी पडणं वाटलं.

खडखडाट । १५ नोव्हेंबर २०२४, १३:२२

भांडी पडण्यातच तर मजा आहे. माझा आयडी बघा.

पोटमाळा । १५ नोव्हेंबर २०२४, १६:०५

लहान मुद्दा, पण कोणीतरी मांडायलाच हवा. "मूळ बँड" म्हणजे नक्की कुठला?

हे लोक १९९६ च्या सुमारास सुरू झाले तेव्हा नाव 'झीरो' होतं, एक्स अक्षराने लिहायचे. गायक मार्क वेकफील्ड. तो सोडून गेला, मग १९९९ मध्ये अ‍ॅरिझोनाहून चेस्टर आला. म्हणजे चेस्टर स्वतःच दुसरा गायक. नाव 'हायब्रिड थिअरी' केलं, त्यातही अडचण आली, मग 'लिंकिन पार्क'. पहिल्या अल्बमच्या रेकॉर्डिंगला बेसवाला फीनिक्स बराचसा नव्हताच, बेस पुष्कळसा ब्रॅडनेच वाजवलाय. ज्याला आपण सोवळ्यात ठेवलेला मूळ संच म्हणतो, तो पहिल्या दिवसापासून असा ठिगळं लावत शिवलेला आहे.

आता नव्या अल्बमचा पहिला ट्रॅक ऐका. शेवटी एमिली विचारते, शून्यापासून म्हणजे अगदी काही नसण्यापासून का, आणि मग तिच्या लक्षात यायला लागतं की बँडचं पहिलं नाव… आणि तिथेच वाक्य तोडलंय. वीस-बावीस सेकंदांत त्यांनी तुमच्या सगळ्या आक्षेपांना उत्तर देऊन टाकलंय, तेही हसत.

बेसुर । १५ नोव्हेंबर २०२४, १६:४०

वेकफील्डचा एकही अल्बम मी ऐकलेला नाही, जगाने ऐकलेला नाही. साखरपुडा मोडणं आणि अठरा वर्षांचा संसार यात फरक करा राव.

मूग गिळून । १५ नोव्हेंबर २०२४, २१:१०

मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचो, आता साउंडवर बसतो, तेव्हा कानाने जे जाणवलं ते सांगतो. भावनेच्या भांडणात मला पडायचं नाही.

'हायब्रिड थिअरी' या त्यांच्या पहिल्या अल्बमचं मिक्सिंग अँडी वॉलेसचं होतं. त्यात गिटारची भिंत जाड आहे, पण आवाज त्या भिंतीच्या पुढे, वेगळा उभा दिसतो. इथे सगळंच एका रेषेत पुढे आणलंय. मोबाइलवर आणि गाडीत दणदणीत वाजेल, पण चांगल्या स्पीकरवर तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर कान थकतात. बत्तीस मिनिटांचाच अल्बम केला ते त्यामुळे बरंच झालं.

ड्रम्सबद्दल कोणी बोलत नाहीये. रॉब बोर्डन हा मोजकं वाजवणारा माणूस होता, लूपसारखा नेमका. त्यामुळे बँडचा डीजे जो हान याचे स्क्रॅच आणि सॅम्पल्स त्यात बेमालूम बसायचे. कॉलिन ब्रिटनचा हात जड आहे, तो पंक वाजवल्यासारखा पुढे ढकलत राहतो. 'कॅज्युअल्टी' आणि 'कट द ब्रिज' त्याच्यामुळे पळतात. पण 'ओव्हरफ्लो' सारख्या संथ गाण्यात, जिथे जागा सोडायची असते, तिथे मला जुन्या हाताची आठवण झाली. माझ्या मते बँडचा पोत चेस्टरइतकाच रॉबमुळे बदललाय. पण ड्रमरसाठी कोण रडतं?

एमिलीचा आवाज मुळातच खरखरीत आहे, तिच्या आधीच्या 'डेड सारा' बँडपासून. चेस्टरकडे दोन वेगळे आवाज होते, एक काचेसारखा स्वच्छ आणि एक फाटका, आणि तो एका ओळीत या टोकाचा त्या टोकाला जायचा. हिच्याकडे हे दोन आवाज एकमेकांत मिसळलेले आहेत. ही कमतरता नव्हे. पण गाणी अजून त्या जुन्या दोन टोकांसाठीच बांधलेली आहेत. हळू कडवं, मग स्फोट, मग हळू कडवं. साचा चेस्टरच्या मापाचा, कपडा हिने घातलाय.

निळीशाई । १५ नोव्हेंबर २०२४, २१:३३

शेवटची ओळ एक नंबर. हे आधी का नाही लिहिलंत?

मूग गिळून । १५ नोव्हेंबर २०२४, २१:४०

आयडी बघा.

सूर्यसहस्र । १६ नोव्हेंबर २०२४, ००:५०

साचा हा शब्द निघालाच आहे तर माझं दुखणं सांगतो. माझ्या मते हा भित्रा अल्बम आहे. वाईट नाही, भित्रा.

२०१० मध्ये याच लोकांनी 'अ थाउजंड सन्स' केला होता. गिटार बाजूला ठेवल्या, गाण्यांचे सांधे काढून टाकले, अणुबॉम्बवर आख्खा अल्बम. नाव अणुबॉम्बवाल्या शास्त्रज्ञ ओपनहायमरमार्फत आलं असलं तरी मूळ गीतेतलं : 'दिवि सूर्यसहस्रस्य भवेद्युगपदुत्थिता', अकरावा अध्याय. ओपनहायमरचा तो थकलेला आवाजच त्यांनी एका ट्रॅकमध्ये घातला होता. घरात लहानपणापासून पारायणाला ऐकलेला श्लोक कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या सीडीच्या पाठीवर भेटतो, तेव्हा अंगावर काटा येतो की नाही? लोकांनी त्या अल्बमला शिव्या घातल्या, कारण त्यांना पुन्हा २००३ चा 'मेटिऑरा' अल्बम हवा होता.

आता 'टू फेस्ड' ऐका. २००३ ची गाडी धुऊन-पुसून बाहेर काढलीय. तीच उडी मारणारी रिफ, तेच स्क्रॅच, आणि तसंच मध्ये थांबून पुन्हा फुटणं. गायक बदलणं हे धाडस होतं, मान्य. पण एवढं मोठं धाडस केल्यावर संगीतात मात्र पाय जमिनीवरून उचलायचाच नाही असं ठरवलेलं दिसतं. नवी सून आणली म्हणून स्वयंपाक मात्र सासूच्याच हातचा.

खडखडाट । १६ नोव्हेंबर २०२४, ०९:१५

अरे, पण पहिल्याच अल्बमला तिच्याकडून 'अ थाउजंड सन्स' करवून घेतला असता तर तिला लोकांनी जिवंत ठेवलं असतं का? आधी घर सावरू दे. प्रयोग पुढच्याला.

सूर्यसहस्र । १६ नोव्हेंबर २०२४, ०९:२१

"पुढच्याला" हा शब्द मी प्रत्येक बँडबद्दल वीस वर्षं ऐकतोय.

रातराणी_९१ । १६ नोव्हेंबर २०२४, २३:४८

धागा कालपासून वाचतेय. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

मे २०१७ मध्ये 'वन मोअर लाइट' आला तेव्हा अशाच एका चर्चेत मी लांबलचक प्रतिसाद लिहिला होता. वेगळा आयडी होता तेव्हा. पॉपच्या नादाला लागले, विकले गेले, चेस्टर आता रेडिओसाठी गातो, वगैरे. खूप चटकदार लिहिलं होतं, टाळ्या पण मिळाल्या होत्या. त्या सुमारास त्याच्या मुलाखती येत होत्या, लोक अजून 'हायब्रिड थिअरी'च मागतात म्हणून तो वैतागलेला असायचा, आणि आम्ही त्या वैतागाचीही टर उडवली.

२० जुलैला तो गेला.

माझ्या प्रतिसादाने काही झालं असं म्हणण्याएवढी मी मूर्ख नाही. त्याने तो वाचलेला नाही, मराठीत होता. पण तो अल्बम मी परत धड ऐकला तो थेट २०१९ मध्ये, कोल्हापूरहून येताना एसटीत, आणि कळलं की माणूस सरळ सरळ सांगत होता. आम्ही डिस्टॉर्शन कमी झालं म्हणून रुसलो होतो.

म्हणून इथे "चेस्टरशिवाय लिंकिन पार्क नाही" असं वाचलं की मला आधी विचारावंसं वाटतं, चेस्टर होता तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणत होतात? बेसुर, हे तुम्हाला उद्देशून नाही. मलाच आहे.

'फ्रॉम झिरो' बद्दल : 'गुड थिंग्ज गो' चांगलं आहे. बाकीचं अजून नीट ऐकलेलं नाही.

बेसुर । १७ नोव्हेंबर २०२४, ००:२०

मलाही लागू आहे. तो जुना धागा आठवतो. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो.

कट्टेकरी । १७ नोव्हेंबर २०२४, १०:०२

सकाळी सकाळी जड झालं राव. अवांतर : कोणी कॉलेजच्या हॉस्टेलच्या लॅनवर डीसी++ या फाइल-शेअरिंगच्या सॉफ्टवेअरवरून गाणी उतरवलीत का? आमच्याकडे 'नम्ब' च्या अकरा प्रती होत्या आणि त्यातल्या एकीत मधेच कोणाच्या तरी विंडोज मेसेंजरचा 'टिंग' आवाज रेकॉर्ड झालेला. मला अजूनही मूळ गाणं ऐकताना तो 'टिंग' राहिल्यासारखा वाटतो.

पोटमाळा । १७ नोव्हेंबर २०२४, १०:१५

आमच्याकडे 'इन द एंड' कलाकाराच्या नावात 'एमिनेम' लिहून फिरायचं. एक सीनियर दोन वर्षं त्यावर पैजा हरला.

टाळकुटे । १७ नोव्हेंबर २०२४, १८:३०

नाव ठेवावं की बदलावं यावर एक सांगू का? मी मूळचा नगर जिल्ह्यातला, घरात वारकरी परंपरा, आणि दहावीपासून मेटल ऐकतो. दोन्हीत तेवढाच घाम येतो.

गावात अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. पहारे वाटून घेतलेले असतात. रात्री दोनच्या पहाऱ्याला डोळे चोळत माणूस येतो, आधीचा गळ्यातली वीणा काढून त्याच्या गळ्यात घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, नाम चालू. आवाज बदललेला झोपेतल्या माणसालाही कळतो. कोणाचा भसाडा, कोणाचा गोड. पण मधे थांबलं असं होत नाही.

आमचे आजोबा पहाटेचा पहारा धरायचे. ते गेले त्या वर्षी त्यांचा पहारा कोणी घ्यावा यावर घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी एका चुलत काकांनी घेतला, ज्यांचा आवाज कोणालाच आवडायचा नाही. पहिल्या पहाटे आजी उठून मंडपात गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

खडखडाट म्हणाले ते 'एम्प्टिनेस मशीन'चं दुसरं कडवं मला तसं ऐकू येतं. माईक आपल्या गळ्यातली वीणा काढून तिच्या गळ्यात घालतो.

निळीशाई । १७ नोव्हेंबर २०२४, १८:४४

धागा बंद करा आता. याच्यावर काय लिहिणार?

बेसुर । १७ नोव्हेंबर २०२४, १९:३०

लिहितो ना. टाळकुटे, फार सुंदर लिहिलंत, पण एक अडचण आहे. सप्ताहात वीणा कोणाच्याच नावाची नसते. पहारेकऱ्याचं पोस्टर लागत नाही, तिकीट लागत नाही. नाम विठ्ठलाचं. इथे नाम कोणाचं? ती गाणी त्या माणसाच्या लहानपणाच्या जखमांतून आलेली होती. 'क्रॉलिंग' दुसऱ्या कोणी गायलं तर ते नामस्मरण होत नाही, ते दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवणं होतं.

टाळकुटे । १७ नोव्हेंबर २०२४, २०:०५

अभंग तरी दुसरं काय असतात हो? तुकोबांची घरची दैना, त्यांची चिडचिड, त्यांचं विठ्ठलाशी भांडण. आपण चारशे वर्षं दुसऱ्याचीच पत्रं वाचतोय.

बेसुर । १७ नोव्हेंबर २०२४, २०:१८

विचार करतो.

सूर्यसहस्र । १७ नोव्हेंबर २०२४, २०:२५

तरीही 'टू फेस्ड' ही जुनी गाडीच आहे.

---

मूग गिळून । २० मे २०२५, २२:१०

धागा वर काढतोय. या महिन्यात विस्तारित आवृत्ती आली, तीन नवी गाणी : 'अप फ्रॉम द बॉटम', 'अनशॅटर', 'लेट यू फेड'. माझी नोव्हेंबरची तक्रार आठवत असेल, साचा चेस्टरचा आणि कपडा हिच्यावर. 'अनशॅटर' ऐका. इथे पहिल्यांदा गाणं तिच्या मापाचं बेतल्यासारखं वाटतं. वरच्या पट्टीत ती जिथे फुटते, तिथे गाणं तिच्यासाठी थांबतं. कान थकण्याची तक्रार कायम आहे.

सूर्यसहस्र । २१ मे २०२५, ०१:१५

'अनशॅटर' बरं आहे. 'पुढच्याला' म्हणालेले खडखडाट यांना अर्धा गुण.

खडखडाट । ३० ऑगस्ट २०२५, १४:००

अर्धा गुण पावला. पण आता बातमी : जानेवारी २०२६, लोलापालूझा संगीत महोत्सव, मुंबईचा महालक्ष्मी रेसकोर्स. लिंकिन पार्क! पंचवीस वर्षं आपण ज्यांची वाट पाहिली ते शेवटी येतायत. कोण कोण येतंय?

एक प्रामाणिक प्रश्नही आहे. लेक अकरा वर्षांची आहे. गेले दहा महिने गाडीत हाच अल्बम वाजतो, 'हेवी इज द क्राउन' तिला गेमच्या व्हिडिओमुळे पाठ झालंय. तिच्या लेखी लिंकिन पार्क म्हणजे एमिली आणि "तो टोपीवाला काका". चेस्टर कोण, तिला माहीत नाही. परवा गाडीत चुकून 'ब्रेकिंग द हॅबिट' लागलं तर म्हणाली, बाबा, हा कोण नवीन?

तिला न्यावं का? आणि नेण्याआधी सगळं सांगावं का?

रातराणी_९१ । ३० ऑगस्ट २०२५, १४:३५

"हा कोण नवीन." अरे देवा.

कट्टेकरी । ३० ऑगस्ट २०२५, १४:५०

मुलांसाठी वयाचा काय नियम आहे तो तिकीट काढायच्या आधी बघा. आणि पाण्याच्या बाटलीवरून गेटवर वाद घालू नका, हरता.

बेसुर । ३० ऑगस्ट २०२५, २१:०५

मी अजून ठरवलेलं नाही, यायचं की नाही. पण लेकीचं विचारलंत म्हणून.

कानावर घालायचे ते मोठे डिफेंडर घ्या, छोटे बोळे मुलांच्या कानातून पडतात. पुढे जाऊ नका, साउंडच्या टेंटच्या मागे उभे राहा, तिथे आवाज सगळ्यात नीट येतो (मूग गिळून, बरोबर ना?). आणि जाताना गाडीत जुनं काही लावू नका. आधी तिला तिचा बँड बघू दे. दुसऱ्या आवाजाबद्दल ती परत येताना विचारेलच, कारण तिथे अर्धं मैदान रडत असणार.

मूग गिळून । ३० ऑगस्ट २०२५, २१:१२

बरोबर. टेंटच्या मागे, जरा डावीकडे.

टाळकुटे । ३० ऑगस्ट २०२५, २२:४०

आम्ही नगरहून सहा जण गाडी करून निघतोय, एक जागा शिल्लक आहे. बेसुर, पुण्यात कुठे राहता?